वीस ओळी

मुग्धा क्रोशाची शाल उसवत बसली होती. तिसऱ्या ओळीत एक टाका सुटला होता, म्हणून वरच्या वीस ओळी गेल्या.

"अगं, कुणाला दिसणार आहे?" मी म्हणाले.

"आई, कॉलेजातले सरही माझ्या प्रकल्पाबद्दल हेच म्हणतात."

तिच्या प्रकल्पातला प्रोग्रॅम नोकरीचे अर्ज निवडतो आणि मध्येच नोकरी सोडलेल्या बायकांना खाली ढकलतो. तो सोमवारी द्यायचाय. दुरुस्त करत बसली तर वर्ष जाईल.

मी उद्याच्या कामांची यादी काढली, पण चैन पडेना. दिसत नाही म्हणून मी आजवर काय काय पुरं झालं असं धरलं असेल?

"तुझा अर्ज प्रोग्रॅममध्ये घालून बघू?" मुग्धाने विचारलं.

तिच्या जन्मानंतर सात वर्षं मी घरी होते. प्रत्येक अर्जात त्या वर्षांपुढे मी कधीच न घेतलेल्या 'खासगी शिकवण्या' लिहीत आले.

"घाल," मी म्हणाले. "ती वर्षं मोकळीच ठेव."