मिहिरच्या घराला पाणी

हेमचंद्र धारूरकरांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनीत गेली, आणि निवृत्तीनंतर वाट्याला काय आलं, तर पाणीच. तेही दुष्काळातलं. घरी पुंडलिकनगरात नळाला चार-चार दिवस थेंब नसायचा, आणि हा गृहस्थ चिकलठाण्याच्या पुढे एका उघड्याबोडक्या प्लॉटवर रोज सकाळी पाइप धरून भिंती भिजवत उभा. लोक हसायचे. हसोत बापडे. घर मुलाचं होतं.

मुलगा मिहिर, सून स्वरदा आणि नात मनस्विनी कॅनडात. जाताना मिहिर म्हणाला होता, "बाबा, दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. तुम्ही घर बांधून ठेवा, आम्ही आलोच." म्हणणाऱ्याचं काय जातं? पण धारूरकर काकांनी ते गाठीशी बांधून ठेवलं.

दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्हायचा. पहिल्या वर्षी तिकडचं नुसतं रडगाणं. तळघरातली भाड्याची जागा, खिडकीबाहेर गुडघाभर बर्फ, स्वरदाला ज्वारीचं पीठ मिळेना, मनस्विनीला शाळेत कुणी खेळायला घेईना. "बाबा, कुठवर आलं घर?" हे तेव्हा फोन लागल्या लागल्या विचारलं जायचं. "जोतं झालं," असं सांगताना काकांचाच ऊर भरून यायचा. मग भिंती उठल्या आणि तिकडे स्वरदाला नोकरी लागली. पाऊस पडला नाही, बोअर आटला, काम थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं. तोवर मनस्विनी बर्फावर घसरायला शिकली आणि मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. घराची चौकशी आता कॉल संपता संपता व्हायची, निघालेल्या पाहुण्याला 'पुन्हा या' म्हणतात तशी. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांचं एकच टुमणं होतं: घर नाही म्हणून पोरं अडली आहेत, वर छप्पर होऊ द्या, मग बघा.

म्हणून ऐन उन्हाळ्यात, मिस्त्री नको नको म्हणत असताना, त्यांनी स्लॅब टाकला. नव्या स्लॅबला तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. वर मातीची आळी करून दोन-तीन आठवडे पाणी साचवून ठेवायचं, नाहीतर तडे जातात. काका टँकरनं हौद भरून घ्यायचे आणि हौदाच्या झाकणाला कुलूप घालायचे. कुलूप कुणासाठी? प्लॉटवरच पत्र्याच्या खोलीत राखणीला राहणाऱ्या मालनबाईसाठी. ती पाचोडकडची. गावात प्यायला पाणी उरलं नाही म्हणून नवरा-बायको शहरात आले, आणि इथं कुलूपबंद हौदाला लागून संसार मांडून बसले. काका तिला रोज दोन घागरी द्यायचे. भरताना उभे राहायचे.

"काका, आज अजून एक घागर द्या की. धुणं लई साचलंय," एकदा ती म्हणाली.

"आज नको. वर सगळं सुकलंय."

"बरं," ती म्हणाली, आणि आत गेली.

ते 'बरं' काकांना लागलं. घरी येऊन त्यांनी बायकोला, कालिंदीबाईंना, सांगितलं. त्या स्वतः तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या. "द्यायची होती एक," त्या म्हणाल्या.

"आपलीच पोरं यायची आहेत ना त्या घरात?"

कालिंदीबाई काही बोलायला गेल्या, आणि तशाच ताटं घ्यायला उठल्या.

त्या रविवारी काकांनी कॉल स्लॅबवरूनच लावला. आळ्यांत पाणी चमकत होतं, ते दाखवायचं होतं. पण फोन मनस्विनीनं उचलला. ती अंगणात होती. मागे राखाडी कौलांचं दुमजली घर, पायाखाली हिरवंगार गवत, आणि दुसऱ्या हातात पाण्याची नळी. पाणी गवतावर पडत होतं, त्याहून जास्त वाटेवर.

"कुणाचं गं घर ते?"

"आमचं," ती म्हणाली. "वरची विंडो माझी."

"भाड्याचं?"

तिला तो शब्द कळला नाही. तिनं बापाला हाक मारली. मिहिर हसत आला, आणि काकांचा चेहरा बघून त्यानं मान खाली घातली.

"सांगणारच होतो, बाबा. गेल्या वर्षी घेतलं."

"मग हे?"

"ते चालू ठेवा ना. तिकडे जागांचे भाव चढतायतच. आणि तुमचाही वेळ जातो."

वेळ जातो. काकांना वाटलं, कुणीतरी आपल्याला भर रस्त्यात उघडं केलं. रागही धड येईना.

"पोरीला नळ बंद करायला सांग," ते म्हणाले. "वाया चाललंय."

घरी आल्यावर त्यांनी कालिंदीबाईंना एवढंच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"संक्रांतीपासून. स्वरदा बोलली होती." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "रोज डबा घेऊन निघता. सांगितलं असतं तर सकाळी कशासाठी उठला असता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्याच वेळेला उठले, कारण न उठून करणार काय. कालिंदीबाईंनी डबा दिला. प्लॉटवर जाऊन त्यांनी हौदाचं कुलूप काढलं आणि मालनबाईला हाक मारली.

"घे. लागेल तेवढं घे."

तिला आधी खरंच वाटेना. मग तिनं घागरी भरल्या, बादल्या भरल्या, पातेली भरली, शेवटी एक फुटका माठसुद्धा निम्मा भरून घेतला. काका विटांवर बसून बघत राहिले.

"अन् स्लॅबला?" तिनं विचारलं.

"राहू दे."

"राहू दे कसं? चिरा जातील की. मग पोरं कुठं ऱ्हायाची तुमची?" तिनं पदरानं हात पुसले. "कवा यायचीत?"

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण या बाईनं त्या घरापायी अख्खा उन्हाळा कोरड्या घशानं काढला होता. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, की यात राहायला कुणीच येणार नाही?

"दिवाळीला," ते म्हणाले.

आणि असं म्हणून बसल्यावर स्लॅब कोरडा ठेवून चालणार नव्हतं. हौदाच्या तळाला उरलं होतं ते बादलीत घेऊन काका शिडी चढायला लागले.