साधी गोळी आणि विहिरीजवळचं झाड

परदेशी नोकरीला जायला पांढुर्ण्याहून मी निघाले त्या दिवशी बाबा स्टेशनवर आले नाहीत. बाग पाहायला व्यापारी येणार होता, आणि तसंही रडारड त्यांना झेपत नाही. "मी वावरातच थांबतो. गाडी तिगाववरून जाते ना, खिडकीत बसजो," म्हणाले. आमची संत्र्याची बाग तिगावला रुळांना लागूनच आहे. गाडी तिथे थांबली नाही. विहिरीजवळच्या झाडाखाली उभं राहून बाबा खांद्यावरचा दुपट्टा हलवत होते, आणि शेजारचा तो व्यापारीही, ओळखदेख नसताना, हात हलवत होता. मला हसू आलं. त्यानंतर इटारसीपर्यंत काही हसू आलं नाही.

फळं उतरायच्या आधीच व्यापारी अख्खी बाग ठरवून टाकतो. बाबांनी त्याला त्या दिवशीच बजावलं, सगळी घे, पण विहिरीजवळचं झाड पोरीचं आहे. त्या झाडाच्या पहिल्या संत्र्याची पहिली फोड लहानपणापासून माझी. संत्रं पिकलं की मी येणार, असं त्यांनी धरून टाकलं. तेव्हापासून दर हंगामात ते झाड तसंच राहतं. फळं पिकतात, पाखरं खातात, उरलेली गळतात. इकडे तेव्हा बर्फ सुरू झालेला असतो आणि लॅबमध्ये रजा मागायची सोय नसते.

ही तिकडे नेमकं करते काय, असं गावचे सगळेच विचारतात. तर ऐका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आम्ही निरोगी माणसाला उत्तेजक औषधाची गोळी देतो आणि स्कॅनरमध्ये झोपवून त्याच्या मेंदूत डोपामिन किती सुटतं ते पाहतो. डोपामिन म्हणजे, ढोबळमानाने, काहीतरी चांगलं घडणार असं वाटलं की मेंदूत जे उसळतं ते. ते थेट दिसत नाही. म्हणून शिरेतून एक किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडतो. ते डोपामिनच्या जागांवर जाऊन बसतं आणि पडद्यावर चमकतं. डोपामिन आलं की त्या द्रव्याला उठावं लागतं. सौसरच्या बसमध्ये रुमाल टाकून धरलेल्या जागेवर कुणी बसलं तर आपण उठवतो ना, तसंच. म्हणजे चमक जिथे मंदावते, तिथे डोपामिन सुटलेलं असतं. मला वाटायचं, आनंद झाला की मेंदू उजळत असेल. उलटंच निघालं.

काहींना मात्र आम्ही साधी गोळी देतो. तिच्यात औषध नसतंच. कुणाला कोणती दिली हे त्यांना ठाऊक नसतं, त्या वेळी मलाही नसतं. आणि कधीकधी साध्या गोळीनंही चमक मंदावते. आता काहीतरी होणार, एवढ्या आशेवर. अभ्यास संपला की प्रत्येकाला खरं काय ते सांगायचं, आणि ते काम माझ्याकडे आहे. एक बाई तर माझ्यावर चिडलीच. त्या दिवशी तिला फार छान वाटलं होतं म्हणे.

गेल्या पावसाळ्यात माझी नोकरी कायम झाली. पेढे वाटावेत अशी बातमी, आणि मला ती बाबांना सांगवेना. त्यांचं सगळंच माझ्यावर अडलेलं. गुडघे गेलेत. वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला द्या म्हणून आई मागे लागलेली. आणि यांचं एकच, "पोरगी येऊन राहिली ना. आली का पाहू." म्हणजे मी परत आले की ठरवू.

शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉल लावला. धीर यावा म्हणून आधी गोळीची गोष्ट सांगितली. बाबा वावरात बाजेवर बसून नीट ऐकत होते.

"मंग त्या साध्या गोळीवाल्याले सांगून कायले टाकता?" त्यांनी विचारलं. "खुश होता ना तो?"

"नियम आहे, बाबा."

"कोनाचा?"

"त्याच्याच डोक्यातली गोष्ट आहे. त्याले समजाले नको?" मी म्हटलं, आणि त्याच दमात सांगून टाकलं. "बाबा, मी आता तिकडं राहाले नाही येत. सुट्टीत येईन. वावर बटईनं देऊन टाका."

बाबा उठले, मोटरपंप बंद करून आले आणि परत बाजेवर बसले.

"मी काई त्या साध्या गोळीवाल्यासारखा नाही," बाबा म्हणाले. "मले गोळी पाह्यल्यावरच समजली होती, साधी हाय म्हनून. देतो बटईनं. तुई आई तरी खुश होईन."

आणि खरंच दिलं. फोन ठेवल्यावर मी पोटभर रडले, सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटतंय याचाच राग आला.

परवा त्यांनी फोन हातात घेऊन मला बागेत फिरवलं. सगळी झाडं उतरवून झालेली, हिरवी, मोकळी. विहिरीजवळचं झाड तेवढं लगडलेलं.

"हे कायले ठेवलं, बाबा? आता तं तुम्हाले मालूम आहे."

"मालूम हाय. म्हनून काय सगळंच देऊन टाकू?"

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेलेत, त्यांचं घर आता कुठे असतं मला माहीत नाही. माझं तिथे आहे, जिथे मी राहायला येणार नाही हे पक्कं ठाऊक असूनही माझ्या वाट्याचं कुणाला देत नाहीत.

बाबांनी एक संत्रं तोडलं, सोललं, आणि सवयीनं पहिली फोड फोनसमोर धरली. इकडे खिडकीबाहेर बर्फ पडत होता, आणि मी तोंड उघडलं.