रविवारचा उपास

फिनेल, न वाळलेले टॉवेल आणि उतू जाऊन चुलीवर करपलेले तुरीचे वरण, या तिघांचा मिळून एक वास होतो. कुठे दवाखान्यात, कुठे मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला तो आजही अवचित येतो आणि माझा घास तोंडातच थांबतो. माझ्या मुलाच्या बोर्डिंगचा तो वास. सहावीचे सबंध वर्ष तो त्या वासात झोपला, उठला, जेवला. महिन्यातून एका रविवारी मी भेटायला जात असे, तेव्हा त्याच्या केसांतून, कॉलरमधून तोच वास माझ्या पदराला लागे. घरी आल्यावर ती साडी मला लगेच धुववत नसे.

माझ्या पतींचे वर्षश्राद्धही झाले नव्हते, तेव्हा तलवाड्याहून धाकटे दीर गेवराईला आमच्या घरी आले. चहा संपवून, बशी सरकवत म्हणाले, "वहिनी, बाईच्या हाताखाली पोरगं बायकी व्हायलंय. बोर्डिंगात टाका. माणूस होऊ द्या त्याला." शेजारी सासूबाई मान डोलवत होत्या. मी शाळेत मराठी शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना दिवसभर बोलते करते. त्या दिवशी मात्र मी रिकामी कपबशी उचलून आत गेले. नाही म्हणण्यापुरतेही बळ शोकाने मागे ठेवले नव्हते.

बीडच्या पलीकडे, माळावरच्या त्या शाळेत त्याला सोडून निघाले तो रविवार होता. फाटकाशी तो दोन्ही हातांनी बॅग छातीशी धरून उभा होता. रडला नाही, आणि त्याचे ते न रडणे मला परतीच्या सगळ्या वाटेवर टोचत राहिले. वाटेत लिंबागणेशला उतरले आणि गणपतीपुढे हात जोडून बोलले, की माझे लेकरू घरी परत येईपर्यंत रविवारी अन्नाला शिवणार नाही. बोललेला नवस फिटेपर्यंत आमच्याकडे कुणाला सांगत नाहीत. सांगितला तर फळत नाही, अशी समजूत आहे. म्हणून मी तो मुलालाही सांगितला नाही.

भेटीचा वार नेमका रविवारच. मैदानातल्या लिंबांखाली माणसे चादरी अंथरत, डबे उघडत, आणि एकेका डब्यात आई, बाप, भावंडे, सगळ्यांचे हात एकदम पडत. महिनाभर रांगेत ताट धरून जेवलेल्या त्या पोरांना तेवढ्या दुपारपुरते घर मिळे. मी मात्र डबा त्याच्यापुढे सरकवून नुसती बसून असे. सुरुवातीला तो म्हणायचा, "तू पण खा ना." मी म्हणायची, "तू खा, मी जेवून आले." तेव्हा तो विचारायचाही, "कवा नेणार?" पुढे दोन्ही विचारणे बंद झाले. तो भराभर जेवायचा, डब्याला झाकण लावायचा आणि म्हणायचा, "जाऊ का?" एकदा त्याच्या तळहातावर पट्टीचे वळ दिसले. रेक्टर सरांना विचारले तर ते हसले. "पोरांचं बोर्डिंग आहे मॅडम, चालायचंच." होळीच्या सुमारास त्यांचाच फोन आला. तुमचा मुलगा सांगतो आहे, की आईला येऊ नको म्हणावं.

तरीही मी गेले. आधी लिंबागणेशला उतरले. गाभाऱ्यात ताज्या दूर्वांचा हिरवा, कडसर गंध होता. आजवर त्या गंधाने माझे मन निवत आले होते. त्या दिवशी काहीच झाले नाही, डोळेदेखील भरले नाहीत. मी देवाला एवढेच म्हणाले, की माझा एकेक उपास तू घेतलास आणि मुलगाही घेतलास. प्रदक्षिणा न घालताच बाहेर पडले.

शिपायाने बोलावून आणले म्हणून तो आला. चादरीच्या अगदी कडेला, माझ्याकडे पाठ करून बसला. मी डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. त्याने वळूनही पाहिले नाही. आता उठून निघून जावे आणि पुन्हा कधी येऊ नये, असे मनात येत होते, तेवढ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी काखोटीला मारून एक म्हातारी समोर उभी राहिली.

"बसू का हितं, बाई? माझा नातू कबड्डीला बीडला गेलाय म्हनं. सकाळधरनं यस्टीत हाडं खिळखिळी करून आले, अन् आता सांगायलेत. येवढ्या भाकरी काय कावळ्यांला घालू?"

मी हो म्हणायच्या आतच ती बसली. माझ्याकडे पाहिले, मुलाच्या पाठीकडे पाहिले.

"तुमी खात कावून न्हाई?"

"उपास आहे."

"दर बारीला? म्या बघते की. तुमी घास घेत न्हाई, अन् लेकरू तुमच्या तोंडाकडं बघत बसतंय. माझा नातू सांगत होता, पोरं लई चिडवतेत ह्याला. म्हनतेत, का बे, तुझ्या आईला तुझा विटाळ होतो का?"

मुलाची पाठ हलली नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या, आणि ते खरे असल्याचे मला कळले. माझ्या तोंडून निघून गेले, "याच्यासाठीच धरलाय हो उपास. लिंबागणेशच्या गणपतीला बोललेय, हा घरी यावा म्हणून." नवस असा भर दुपारी, भर मैदानात उघडा पडला.

म्हातारीला त्याचे काही वाटले नाही. "गणपतीला चार हात हायेत, बाई. त्यो त्याचं त्यो खाईल. ह्याचं बघा." तिने एक भाकरी आमच्या डब्यावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उरलेल्या भाकरी घेऊन एकट्या बसलेल्या दुसऱ्या कुणा पोराकडे निघाली.

तिला कुणी पाठवले होते का, मला ठाऊक नाही. सामन्याचा निरोप तिला वेळेवर मिळाला असता, तर ती घरीच राहिली असती. त्या शाळेतून कुणालाच कधी वेळेवर निरोप गेला नाही, आणि तिथल्या एवढ्या एकाच ढिलाईपुढे मी आजही मनोमन हात जोडते. बाकीचे विसरता येत नाही. उन्हाळ्यात मी मुलाला कायमचे घरी आणले. दिरांना विचारले नाही. तो अजून ताटाभोवती डावा हात आडवा धरून जेवतो. शेजारच्या शाळेची घंटा झाली, की दचकून उभा राहतो. ते वर्ष आम्हा दोघांना कुणी परत देणार नाही, देवही नाही. लिंबागणेशला मी जाते, काही बोलून मात्र येत नाही. समर्पण म्हणजे आपण काहीतरी सोडायचे, असेच मी मानत आले होते, आणि उपाशी राहणाऱ्याच्या अंगी केवढा ताठा असतो, हे मला माहीत नव्हते. देवापुढे मी पुष्कळ सोडले. ज्याच्यासाठी सोडले, त्याच्यापुढे हात पसरणे मात्र मला सुचलेच नव्हते.

त्या दुपारी म्हातारी गेल्यावर आम्ही दोघेच उरलो. माळावरचे गरम वारे चादरीचे टोक उचलत होते. मी म्हणाले, "मला भूक लागलीय रे." त्याने चादरीचे उडणारे टोक गुडघ्याखाली दाबले. मग वळला, चड्डीला हात पुसले, भाकरीचा तुकडा मोडला, दह्यात बुडवला, आणि माझ्या डोळ्यांकडे न पाहता माझ्यापुढे धरला.

"घे."