लोकरीच्या लडी

विद्वानांच्या पंगतीला मी आयुष्यात एकदाच बसलो, आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातून पाप घडलं. मी ठाण्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. तोडकंमोडकं इंग्रजी येई, तेवढ्यावर गावात भाव खात असे. एका साहेबाला दुभाष्या हवा होता. निरनिराळ्या मुलखांतली माणसं रंग एकसारखेच पाहतात का, ज्या रंगाला भाषेत नाव नाही तो त्यांच्या मनात वेगळा असतो का, हे त्याला शोधायचं होतं. पेटीतली एकेक रंगीत लोकरीची लड माणसापुढे धरायची आणि उत्तर लिहून घ्यायचं. पुस्तकात तुमचे आभार मानीन, असं तो म्हणाला. मी हुरळलो.

मिठागरावरची माणसं आधी येईनात. मग कुणीतरी आवई उठवली, साहेब डोळ्यांचा डॉक्टर आहे. झुंबड उडाली. मला ते कळलं होतं, पण मी गप्प बसलो. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नसतं.

एक म्हातारा आगरी तीन दिवस आला. जन्मभर उन्हात पांढऱ्या मिठाकडे पाहून त्याची नजर अधू झाली होती. बायको हाताला धरून आणी. निळी लड पुढे केली की तो ती चाचपायचा, माझ्या आवाजाचा अंदाज घ्यायचा आणि भीत भीत म्हणायचा, "हिरवा." चुकलं तर औषध मिळणार नाही, अशी त्याची समजूत. साहेबाने वहीतून मान वर न करता लिहिलं, या लोकांना निळ्या-हिरव्यातला भेद कळत नाही. म्हातारा आंधळा होत चाललाय, एवढं एक वाक्य मी बोललो नाही. साहेब खुशीत होता, त्याचा विरस कोण करणार?

साहेब विलायतेला गेला. म्हातारा शाळेच्या दारात येऊन विचारी, औषध आलं का. येईल, मी म्हणे. कल्याणला बदली झाली तेव्हा सुटलो असं वाटलं, इतका मी नीच. वर्षाने तो कल्याणलाही आला. दोन्ही डोळे गेले होते. मी अखेर सांगून टाकलं, साहेब डॉक्टर नव्हता.

"मंग त्यानं मना रंग कशाला इचारलं?"

"तुम्हा लोकांच्या मनात काय असतं, ते त्याला पाहायचं होतं."



"माझं डोलं चाललंन, येवराच व्हता मनान," म्हातारा म्हणाला. "ता कोनीच नाय इचारला."