बरणीत गेलेला ओला हात

आमच्या घरात एक गोष्ट पन्नासहून अधिक वर्षं सांगितली जाते. थोरली वहिनी जर्मनीहून नागपूरला आली, तिनं लोणच्याच्या बरणीला हात लावला, आणि वर्षाचं लोणचं बुरसलं. पंगतीत लोणचं वाढायला आलं की कुणीतरी ही गोष्ट काढतंच. नातवंडंसुद्धा "आजीला बरणीपासून लांब ठेवा" म्हणून खिदळतात. वहिनी हसते. मीही हसत आलो.

ही गोष्ट खोटी आहे. लोणचं मी बिघडवलं. हे माहीत असलेला मी एकटाच होतो आणि माझी ऐंशी उलटली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

माझा मोठा भाऊ इंजिनिअरिंग शिकायला जर्मनीला गेला आणि सहा वर्षं तिकडेच राहिला. साठीच्या दशकाच्या शेवटी त्याला नागपुरात नोकरी मिळाली. येताना तो बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन आला. तो घरी परतत होता, पण त्या दोघींसाठी नागपूर हाच परदेश होता. आणि आले ते मे महिन्यात, भर दुपारच्या गाडीनं.

वडील आधीच गेले होते. घरात आई आणि मी. आई खाप्याची, शेतकऱ्याची लेक. तिनं दारात तिघांवरून भाकरतुकडा ओवाळला, मग कमरेची पिशवी उघडून वहिनीच्या हातात एक कांदा ठेवला. उन्हाळ्यात बाहेर पडताना कांदा जवळ ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. वहिनीला सांगायला हवं होतं. तिला वाटलं, नव्या सुनेचं स्वागत असंच करतात. तिनं उंबरठ्यावर उभ्या उभ्या सालासकट कांद्याचा लचका तोडला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी तोंडभर हसू. भाऊ "अगं, अगं" करेपर्यंत अर्धा कांदा संपला होता.

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "खाणारी हाय गा. टिकते ही."

पहिले दोन महिने घरात नुसती धमाल होती. वहिनी खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला सगळ्यांच्या आधी उठायची आणि मारता मारता स्वतःच चिंब व्हायची. पुतणी गल्लीतल्या पोरींत मिसळली आणि पंधरा दिवसांत "मले नाही पायजे, जाय!" म्हणायला लागली. वहिनीची मराठीही आईकडून आणि गल्लीतल्या बायांकडून आलेली. त्यामुळे मी तिला "वहिनी, तुम्ही" म्हणायचो आणि ती मला "भाऊजी, बस ना गा." आईचं ऐकून ऐकून तिनं तसंच उचललं होतं. ते सुधारावंसं कुणाला वाटलं नाही.

त्याच दिवसांत आईनं वर्षाचं लोणचं घातलं. कैऱ्या फोडून, पुसून, फडक्यावर पसरलेल्या. भिवापूरच्या मिरचीचं तिखट, मोहरीची डाळ, मेथी, हिंग. वहिनी शेजारी मांडी घालून बसली होती. तिच्या माहेरी तळघरात मोठाल्या बरण्यांतून कोबी मिठात मुरत ठेवायचे, म्हणून ती हात हलवून हलवून सांगत होती की बरणी आधी उकळत्या पाण्यानं धुवा. आई म्हणत होती, बरणी उन्हात तापवतात. शेवटी दोन्ही केलं. बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधताना दोघींनी दोन टोकं ओढली. त्या वेळी आई जितकी खूश होती तितकी वडील गेल्यापासून मी तिला पाहिलं नव्हतं.

आता माझं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. सरकारी कचेरीत कारकून. मिशा राखलेल्या. सहाला घरी यायचो, हात-पाय-तोंड धुवायचो, आणि आई देवाजवळ दिवा लावत असताना स्वयंपाकघरात जाऊन सकाळच्या पोळीबरोबर लोणच्याची एक फोड खायचो. चमच्याचा आवाज होतो, म्हणून हातानं. हात पुसायला टॉवेल शोधावा लागायचा, म्हणून ओल्याच. दादरा परत बांधायचो तो नीट नाही, घाईत. जून गेला, जुलै गेला. रोज एक फोड.

श्रावणात एका सकाळी आईनं बरणी उघडली आणि "अरे बापा!" म्हणून खाली बसली. वर पांढरा बुरा, जाड, कापसासारखा.

त्याच्या आदल्या दिवशी वहिनीनं ती बरणी उचलून दुसऱ्या फळीवर ठेवली होती. भिंतीला ओल धरली होती, तिनं भल्यासाठी हलवली. पण ते तिचे महिन्याचे दिवस होते. त्या दिवसांत बाईनं बाजूला बसायचं, लोणच्या-पापडाला शिवायचं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं ते भावानं, आणि त्याला लाज वाटली. आईनं विचारलं तेव्हा वहिनीनं सरळ सांगून टाकलं, हो, चालू आहेत, का?

"काहून शिवली वं बरणीले?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. "वर्साचं लोणचं गेलं."

वहिनी वाकून बरणीत बघत होती. तिनं वास घेतला, बोटानं बरणीचा काठ तपासला. "नाही, आई. पाणी गेलं आतमधी. कोणी ओला हात घातला."

"माह्या घरात बरणीत हात घालणारं कोणी नाही."

"पण आई, ओला हातच..."

"म्हणजे मी घातला?"

मी दारात उभा होतो. आंघोळ करून आलो होतो, हात टॉवेलनं पुसत होतो. एवढंच म्हणायचं होतं, "आई, मी." दोन शब्द. मला आईच्या जिभेची भीती वाटली, तेवीस वर्षांच्या मिशीवाल्या माणसाला. मी टॉवेल दोरीवर टाकला आणि कचेरीत गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा लोणचं परसातल्या खड्ड्यात गेलं होतं आणि आईनं निकाल दिला होता. सुनेनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. मागच्या पत्र्याच्या व्हरांड्यात वातीचा स्टोव्ह मांडला गेला. एका घरात दोन स्वयंपाक, गल्लीला बोलायला विषय झाला.

मी त्या रात्री नीट जेवलो नाही. पण पुढं जे झालं ते वाईट झालं असं मला म्हणता येत नाही. व्हरांडा ही आमच्या घरातली सगळ्यात मजेची जागा झाली. वहिनी काय शिजवते हे बघायला गल्लीतल्या बाया यायच्या आणि बघता बघता बाह्या सरसावायच्या. एकीनं डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात शिकवला, दुसरीनं कोथिंबीर भरलेली पुडाची वडी. वहिनीनं त्यांना बटाट्याचे गोळे उकडायला शिकवले. त्या गोळ्यांवर सगळ्यांनी चरचरीत फोडणी ओतली, वहिनीनंसुद्धा. पुतणी आधी आजीकडे जेवायची, मग आपल्या आईकडे, आणि दोन्हीकडे सांगायची की तिथं काही मिळालं नाही.

पाऊस सरला तशी वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, मले बरणी पायजे. मोठी."

आम्ही इतवारीत गेलो. हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत बरण्यांच्या दुकानात पोचलो. गोरी बाई बघून दुकानदारानं हिंदी सुरू केलं, "मेमसाब, ये लो, एकदम फस्क्लास."

वहिनीनं बरणी उलटी केली, बोटानं वाजवली. "हे तडकली हाय. दुसरी दाखव ना गा."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या गावच्या म्हणायच्या बाई?"

"खाप्याच्या," वहिनी म्हणाली. मी काही बोलायच्या आत. सासूचं गाव ते आपलं गाव, असा तिचा हिशेब होता. दुकानदार इतका हसला की त्यानं बरणीबरोबर एक झाकण फुकट दिलं.

त्या बरणीत तिनं कोबी घातला. बारीक चिरलेला, मीठ लावून, वर धुतलेला दगड. जर्मनीत जे सहा आठवड्यांत मुरतं ते नागपूरच्या हवेत दहा दिवसांत मुरलं, आणि मुरताना जो वास सुटला तो भिंतीपलीकडे गेला. शेजारीण अंगणातून ओरडली, "अवं, तुमच्या व्हरांड्यात उंदीर मेला का?"

वहिनीचा चेहरा उतरला. ती बरणी उचलून आत न्यायला निघाली. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदर खोचून.

"आमच्या सुनेचं लोणचं हाय ते. उंदीर तुह्या घरात पाह्य."

शेजारीण आत गेली. आई व्हरांड्यात उभीच राहिली. आता परत जायला तिला कारण सापडेना. मग ती बरणीजवळ बसली. "दाखव."

वहिनीनं आधी हात धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले, मग पुन्हा दुसऱ्या फडक्यानं पुसले, आणि बशीत थोडा कोबी काढून दिला. आईनं चव घेतली. चेहरा वाकडा केला. पुन्हा चव घेतली. "तिखट नाही टाकलं?"

"नाही."

"टाक." आणि तिनं स्वतः आत जाऊन भिवापूरचं तिखट आणलं.

त्या हिवाळ्यात व्हरांड्यातल्या उन्हाला आई रोज येऊन बसायची. भाजी निवडायची, वहिनीच्या भाकरीला नावं ठेवायची, आणि तीच भाकरी खायची. एके दिवशी वहिनी बरणीतला दगड काढत होती तेव्हा आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पाह्य ना गा. एवढी हात पुसते हे. मंग आपल्या बरणीले काय झालं होतं?"

देवानं दुसऱ्यांदा दार उघडलं होतं. मी म्हणालो, "मले काय माहीत?" त्या दिवसापासून मी लोणचं सोडलं. घरच्यांना वाटतं पित्तामुळे.

संक्रांतीला आईनं वहिनीला हात धरून स्वयंपाकघरात नेलं. फक्त एक अट घातली, "सारं कर. लोणच्याच्या बरणीले तेवढी शिवू नको."

आणि वहिनी शिवली नाही. माझं लग्न झालं. माझी बायको भंडाऱ्याची, पण पुडाची वडी तिला शिकवली जर्मनीच्या जावेनं. गल्लीत कुणाकडे पाहुणे येणार असले की वहिनीला बोलावणं यायचं. सन ऐंशीच्या सुमारास आई गेली. जाण्याआधी तिनं घरच्या किल्ल्या वहिनीच्या हातात दिल्या. पण त्या एका अटीची तिला आठवण राहिली नसावी, आणि वहिनी ती विसरली नाही. दर मे महिन्यात ती कैऱ्या आणायची, पुसायची, मसाला तोलायची, बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवायची. मग माझ्या बायकोला हाक मारायची आणि स्वतः दोन पावलं मागं सरायची. हात पदराला पुसत उभी राहायची. ती दोन पावलं मी दर वर्षी बघितली.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. तिनं घातलेलं शेवटचं लोणचं आतापर्यंत पुरलं. यंदा एप्रिलमध्ये वहिनी पुतणीला म्हणाली, "आता लोणचं विकत आणू. माह्या हातचं टिकत नाही."

ती गमतीनं म्हणाली नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक थट्टा चालू दिली. तिनं मात्र त्यावर विश्वास ठेवला होता. ओला हात म्हणणारी, खरं ओळखणारी तीच, आणि शेवटी तिलाच वाटायला लागलं की दोष आपल्या हातात आहे.

मी दुसऱ्या दिवशी पाच किलो कैऱ्या घेऊन तिच्यापुढं जाऊन बसलो. भाऊ खाटेवर पेपर वाचत होता. पुतणी, तिचेही केस आता पांढरे, चहा करत होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं. सहा वाजता, दिवा लावताना, रोज एक फोड.

वहिनीनं चष्मा काढला.

"हातानं घेत होता का चमच्यानं?"

"हातानं."

"ओल्या?"

"हो, वहिनी."

ती भावाकडे वळली. "पाह्य. मी तवाच म्हटलं होतं." मग माझ्याकडे. तिचे डोळे भरलेले होते की ती हसत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "एवढी वर्सं कायले गप राहिला गा, भाऊजी?"

"आईला भ्यालो. मग तुम्हाला."

"मले?" ती मोठ्यानं हसली. "मी तर कांदा खाऊन आली होती रे बापा." मग पुतणीला म्हणाली, "पोट्टे, माळ्यावरची मोठी बरणी काढ. इतवारीची."

कैऱ्या फोडल्या, पुसल्या, मसाला झाला. त्या अटीमुळे पुतणी पुढं आली. वहिनीनं तिला हातानं बाजूला सारलं. ती एक पाऊल पुढं आली, आणखी एक, आणि कोपरापर्यंत हात बरणीत घालून फोडी दाबायला लागली. भावानं पेपर बाजूला ठेवला होता.

वरच्या फोडी तिच्याच्यानं नीट दाबल्या जाईनात, हातात तेवढा जोर राहिलेला नाही. तिनं मला बोलावलं. मी बाह्या वर केल्या.

"आधी हात पुस," ती म्हणाली.

मी पुसले. तिनं फडकं परत माझ्यापुढं धरलं, आणि मी पुन्हा पुसले.