‘सोडून जा’चं बटण

लॅपटॉप झोपत नव्हता, आणि त्यापायी चिंतामणीची झोप उडाली होती. चिंतामणी हे नवऱ्याने ठेवलेलं नाव. बाई लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढून देते, कामात चोख आहे, पण काळजी करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

काम आटोपून ती उठली की जेवणाच्या टेबलावरच्या त्या डब्याचा पडदा थोड्या वेळाने काळा व्हायला हवा. गेले काही दिवस होतच नव्हता. पंखा घुरघुरत राही, बूड चटका बसेल इतकं तापे. उद्या याने मान टाकली तर सगळे नकाशे पाण्यात, ही एक धास्ती. पण खरा घोर निराळाच होता. आई हल्ली वरचेवर पडत होती, गॅस उघडा ठेवत होती, म्हणून तिने आणि धाकट्या भावाने मिळून आईसाठी वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. आईला अजून पत्ता नव्हता. "मी रविवारी जाऊन तिला समोर बसून सांगते. तोवर तू तोंड उघडू नकोस," असं तिने भावाला फोनवर बजावलं, आणि मग "मला नाही रे झेपत आता," म्हणून रडली. आईला हे भलत्याच मार्गाने कळलं तर ती आपलं तोंड पाहणार नाही, या भीतीने तिला घास गिळवत नव्हता.

निदान लॅपटॉपचा तरी निकाल लावू म्हणून शनिवारी सकाळी ती बसली. प्रिंटरची वायर काढली, माऊस काढला, सेटिंग उलटीपालटी केली. ढिम्म.

"बंद करून परत चालू कर," नवरा पेपरातून म्हणाला.

"आणि परत चालू झालाच नाही तर?"

नवऱ्याने शहाणपणाने पेपर उलटला.

शेवटी लॅपटॉपला कोण जागं ठेवतंय याची माहिती तिने शोधून काढली. व्हिडिओ कॉल. माइक चालू.

तिने पडद्यावरचा नकाशा बाजूला सारला. मागे आई दिसली, भाजी निवडत बसलेली. रोजच्यासारख्या सकाळीच दोघी बोलल्या होत्या. वडील गेले त्या सुमारास हिने एकदा घाईत कॉल कापला होता, आईचं वाक्य अर्धवट राहिलं आणि ती दिवसभर हिरमुसली होती. तेव्हापासून कॉल ठेवायचा तो आईनेच. ही "येते हं" म्हणून सरळ कामाकडे वळे.

"आई! तू कॉल बंद नाही केलास?"

"कसा करू? आठवडाभर त्या लाल बटणावर ‘सोडून जा’ असं येतंय. पोटच्या पोरीला असं म्हणतात होय? मी आपली तसाच ठेवते."

"रोज?"

"रोज. तुमचा मिक्सर ऐकू येतो, जावईबापू शिंकतात. घरात माणसं असल्यासारखं वाटतं गं."

चिंतामणीचं लक्ष माइकच्या खुणेवर गेलं. भावाला फोन तिने याच टेबलाशी बसून केला होता.

"आई, मी उद्या येऊन तुला..."

"ये की. फक्त रडत येऊ नकोस," आई म्हणाली. तिने भाजीची परडी बाजूला ठेवली. "एवढंच सांग, त्या खोलीला खिडकी आहे ना?"

खोली बघायला गेली तेव्हा चिंतामणीने दाराची रुंदी मोजली होती, न्हाणीघरातला कठडा हलवून पाहिला होता. खिडकी होती की नव्हती, ते तिला काही केल्या आठवेना.