पोटाखालची दोन बोटं

जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक मी आयुष्यात एकदाच जवळून पाहिली, तीही मुंगीच्या चालीने जाताना.

आमच्या गल्लीतल्या गतिरोधकापुढे ती अडली होती. पिवळीधमक, जेमतेम माझ्या कमरेएवढी, पोट जवळजवळ जमिनीला टेकलेलं. ड्रायव्हरने काच खाली केली.

"काका, जरा खाली बघता का? साहेबांची गाडी आहे. पोट घासलं तर नोकरी गेलीच समजा."

गाडीला वाट दाखवायला आपल्याकडे कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. मेथीची पिशवी बाजूला ठेवून मी रस्त्यावर आडवा झालो. डांबराचा चटका गालाला बसत होता.

"तिरकी घ्या. हळू."

फट दोन बोटांची होती, मग एकाच बोटाची उरली. सवयीने "येऊ द्या, येऊ द्या" ओठांवर आलं, ते मी कसंबसं गिळलं. वाऱ्याला मागे टाकणारं ते जनावर माझ्या तळहाताकडे बघत, श्वास रोखून इंच इंच सरकत होतं.

अखेर मागचं चाक उतरलं. ड्रायव्हरने कपाळ पुसलं.

"उपकार झाले, काका. पण एवढा उंच गतिरोधक कोणत्या शहाण्याने करून घेतला हो?"

"असतात एकेक," मी कपडे झटकत म्हणालो.

मजुरांच्या डोक्यावर उभं राहून "अजून चार बोटं चढवा" म्हणणारा तो शहाणा मीच होतो. वेगाला कुणीतरी अडवायलाच हवं, असं तेव्हा ठामपणे वाटलं होतं. अडल्यावर तो इतका घाबरतो, हे मात्र ठाऊक नव्हतं.